क्रूझरची परीक्षा शाळेच्या फाटकात

पत्र :
ताई, मी कराडला राहते. वय 37, उंची 5 फूट 1 इंच. पाटणच्या अलीकडे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. जाऊन-येऊन रोज 60 किलोमीटर होतात आणि गेली 12 वर्षं ते मी बिनगिअरच्या स्कूटरवर काढलेत. आता स्कूटर थकली आहे. मला कॉलेजपासून ती लांबुळकी, खाली बसायची क्रूझर हवी आहे. पैसे साठवलेत. अ‍ॅव्हेंजर आणि मिटिअर या दोन डोक्यात आहेत. शोरूममध्ये गेले तर तिथला मुलगा म्हणाला, "सर कधी येणारेत?" भाऊ म्हणतो, पडलीस तर उचलायला क्रेन लागेल. आमचे हे म्हणतात, घे खुशाल, पण मी मागे बसणार नाही. मला स्वतःला धास्ती एकाच गोष्टीची आहे. शाळेचं फाटक उतारावर आहे आणि तिथे सगळी खडी. कोणती घेऊ? की नाद सोडू? एकदा तरी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला स्वतःच्या गाडीने जायचंय.
— एक शिक्षिका, कराड

बाई,

नाद अजिबात सोडू नका. शोरूममधल्या पोराला आणि भावाला काय वाटतं, त्यावर आपण शाई खर्च करायला नको. तुमच्या धास्तीवर मात्र करू, कारण ती शंभर टक्के बरोबर जागची आहे. क्रूझर हायवेला कुणालाही जमते. साठच्या वेगात ती इतकी शहाण्यासारखी चालते की आपल्यालाच आपण फार भारी चालवतो असं वाटायला लागतं. तिचा खरा स्वभाव कळतो तो फाटकात, खडीवर, उतारावर, चालत्या माणसाच्या वेगात. म्हणून गाडी निवडायची तीही तिथेच.

ही गाडी अशी का असते ते आधी बघू. अमेरिकेतल्या सरळसोट, संपता न संपणाऱ्या रस्त्यांवर दिवसभर बसून राहता यावं म्हणून हा आकार जन्माला आला. सीट खाली, पाय पुढे, हँडल रुंद आणि आपल्याकडे ओढलेलं, दोन चाकांत भरपूर अंतर. आपल्याकडे बजाजने कावासाकीची एलिमिनेटर आणली आणि तिच्याच वंशात 2005 मध्ये अ‍ॅव्हेंजर आली. रॉयल एन्फिल्डची थंडरबर्ड होती, तिची जागा 2020 मध्ये मिटिअरने घेतली. लांब गाडी सरळ जाताना स्थिर असते आणि वळताना तिला जागा जास्त लागते. तुमची स्कूटर जिथे एका दमात यू टर्न घेते, तिथे क्रूझर अर्ध्यात अडकते आणि मग पाय टेकून मागे ढकलावी लागते. रिव्हर्स गिअर नसतो. ढकलणार तुम्ही.

तुमच्या उंचीला क्रूझर हा उलट शहाणपणाचाच पर्याय आहे, हे तुमच्या भावाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. गिअरच्या बऱ्याच मोटारसायकलींची सीट 790-800 मिलिमीटरच्या आसपास असते, तिथे आपल्यासारख्यांचे फक्त अंगठे टेकतात. (मी 5 फूट 2 इंच आहे, म्हणून हक्काने "आपल्यासारख्या" म्हणतेय.) अ‍ॅव्हेंजर 220 क्रूझची सीट 737 मिलिमीटरवर आहे, मिटिअर 350 ची 765 वर. कागदावर फरक 28 मिलिमीटर, म्हणजे दोन बोटंही नाहीत. पण आपल्या मापाच्या पायांना त्या दोन बोटांत पाऊल टेकणं आणि चवडा टेकणं एवढा फरक पडतो. त्यात सीट किती रुंद आहे हेही बघायचं असतं. रुंद सीट मांड्या फाकवते आणि उंची पुन्हा खाऊन टाकते.

आता वजन. तुमची स्कूटर 105-110 किलोंच्या घरात असणार. अ‍ॅव्हेंजर 220 भरते 163 किलो, मिटिअर 191. या दोघींतलाही फरक 28च, पण हे 28 किलो म्हणजे स्वयंपाकघरातला जवळजवळ भरलेला गॅस सिलिंडर. तो सिलिंडर सरळ उभा असतो तेव्हा बोटाने ढकलता येतो. कलला की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. मोटारसायकलीचंही तेच. सरळ आहे तोवर 191 किलो काहीच वाटत नाहीत, आणि ठरावीक कोनापलीकडे कलली की 163 सुद्धा आवरत नाहीत. तेव्हा तिला ताकदीने धरायचं नसतं, कलूच द्यायचं नसतं.

माझं मत विचारलंत म्हणून सरळ सांगते: अ‍ॅव्हेंजर 220. मिटिअर गाडी म्हणून जास्त चांगली आहे, यात मला शंका नाही. तिचं इंजिन 27 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, देतं, अ‍ॅव्हेंजरचं साडेसतरा. त्यामुळे चढाला गिअर कमी बदलावे लागतात. दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) आहे, अ‍ॅव्हेंजरला फक्त पुढच्या. टाकीही मोठी, 15 लिटरची. तुम्ही आधी गिअरची गाडी चालवलेली असती, किंवा शाळेचं फाटक सपाटीवर असतं, तर मी मिटिअरच म्हटलं असतं. पण पहिली गिअरची गाडी, रोजचे 60 किलोमीटर आणि ती खडी, हे तिन्ही एकत्र आल्यावर तो सिलिंडर मला जड वाटतो. साडेसहाशे सीसीच्या सुपर मिटिअरचं कुणी सुचवलं तर हसून विषय बदला. 241 किलो आहे ती. शिवाय सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी 18 टक्के आहे आणि त्यावरच्यांवर 40 टक्के. तुमच्या मनातल्या दोन्ही गाड्या अलीकडच्या बाजूला आहेत.

माझं ऐकून लगेच पैसे मात्र भरू नका. शोरूममध्ये परत जा, शाळेत घालता तेच बूट घालून जा. गाडीवर बसा, स्टँड काढा, सरळ करा आणि टेस्ट राइडचं बोलण्याआधी त्या मुलाला म्हणा, "बाजूला हो, मला ही मागे ढकलायचीय." बसल्या बसल्या पायांनी पाच फूट मागे न्या. मग उतरून हँडल धरून तिला चालवत एक फेरी मारा, उजवीकडे वळवा, डावीकडे वळवा. बहुतेक शोरूमच्या दारात रस्त्याला उतरणारा एक रॅम्प असतो. त्यावर तिरपी उभी करून बघा. हे सगळं दोन्ही गाड्यांचं करा. मिटिअर ढकलताना तुमचा श्वास फुलला नाही, तर माझं मत रद्द समजा आणि खुशाल तीच घ्या.

पण त्याच्याही आधी एक काम आहे, आणि ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुमचं लायसन्स काढून बघा. 12 वर्षं बिनगिअरची चालवताय म्हणजे ते बहुधा बिनगिअरचंच असेल. तसं असेल तर त्यावर क्रूझर चालवणं म्हणजे लायसन्सशिवाय चालवणं. दंड तर आहेच, पण उद्या काही झालं तर विम्याचा घोळ होतो तो वेगळा. गिअरच्या दुचाकीचं शिकाऊ लायसन्स काढा. ते सहा महिने चालतं आणि 30 दिवस झाल्यावर तुमच्या एमएच-50 च्या आरटीओ कार्यालयात पक्क्याची चाचणी देता येते. शिकाऊ लायसन्सवर मागे कुणाला बसवता येत नाही, शिकवणारा सोडून, आणि त्याच्याकडे लायसन्स हवं.

हा महिनाभर क्रूझरवर शिकायचं नाही. घरात, शेजारी, शाळेत कुणाकडे तरी शंभर-सव्वाशे सीसीची साधी मोटारसायकल असेलच. ती मागून घ्या. रविवारी सकाळी शाळेचं मैदान तुमचंच असतं. पहिला दिवस अ‍ॅक्सिलरेटरला हात लावायचा नाही. पहिला गिअर टाकायचा, क्लच इतका हळू सोडायचा की गाडी कुठे ओढायला लागते ती जागा बोटांना कळली पाहिजे. कळली की पुन्हा दाबायचा. हे शंभर वेळा. कंटाळवाणं आहे, पण तुमच्या फाटकातली अर्धी लढाई त्या एका जागेची आहे.

आणि आता जे सांगते ते कृपा करून दोनदा वाचा. स्कूटरचा डावा हात मागचा ब्रेक असतो. मोटारसायकलचा डावा हात क्लच असतो. 12 वर्षं तुमच्या डाव्या हाताला एकच धडा दिलाय: कुत्रं आडवं आलं की आवळ. तोच हात तुम्ही मोटारसायकलवर आवळलात की ब्रेक लागणार नाही, उलट इंजिनचा जो काही धरून ठेवायचा आधार होता तोही सुटेल आणि गाडी मोकळी पुढे जाईल. मागचा ब्रेक आता उजव्या पायाखाली आहे, आणि क्रूझरवर तो पाय पुढे ताणलेला असतो. डोक्याला हे पाच मिनिटांत कळतं, हाताला महिना लागतो. म्हणून मैदानावर रोज दहा वेळा अचानक थांबायचा सराव करा: उजवा हात, उजवा पाय, आणि क्लच सगळ्यात शेवटी, गाडी थांबता थांबता. पुढचा ब्रेक झटक्याने नाही, लिंबू पिळल्यासारखा वाढवत न्यायचा. त्या महिन्यात जमेल तेवढी स्कूटर बंद ठेवा. शाळेला जायला लागणारच असेल तर निदान मैदानावरून उतरून लगेच स्कूटरवर बसू नका. चहा घ्या, तासभर जाऊ द्या.

क्रूझर घरी आली की पुन्हा मैदानावर, आणि या वेळी हळू चालवायला शिकायचं. जमिनीवर दोन पाण्याच्या बाटल्या सात-आठ पावलांच्या अंतराने ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढा. क्लच अर्धा धरलेला, अ‍ॅक्सिलरेटर किंचित आणि एकसारखा, उजव्या पायाने मागचा ब्रेक हलकासा लागलेला. या तिन्हींच्या ओढाताणीत गाडी ताठ उभी राहते. आणि नजर जिथे जायचंय तिथे. बाटलीकडे बघितलंत की बाटलीवरच जाल. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराकडे बघून बोलता ना, तशी मान वर.

पुढचा ब्रेक मात्र हँडल वळलेलं असताना हळू वेगात लावायचा नाही. मी लावला होता. 41व्या वर्षी गाडी शिकले, सहाव्या महिन्यात पेट्रोल पंपावर रांगेत वळताना एक रिक्षा पुढे घुसली आणि माझी चारही बोटं पुढच्या ब्रेकवर गेली. चाक वळलेलं, गाडी जागच्या जागी थांबली आणि वजन सगळं वळलेल्या बाजूला. वेग किती असेल? पाच? मी पाय टेकला, पण तिथे सांडलेलं डिझेल होतं. पडताना इतकी सावकाश पडले की पंपावरच्या प्रत्येकाला नीट बघता आलं. मला काही झालं नाही. क्लचचा लिव्हर तुटला आणि घरी जायचे वांधे झाले. तेव्हापासून वळताना हळू व्हायचं असेल तर मागचा ब्रेक, आणि थांबायचं असेल तर आधी हँडल सरळ.

क्रेनचंही सांगून टाकते. पडलेली गाडी पुढून वाकून, हातांनी उचलायला जायचं नाही, कंबर जाते. आधी इंजिन बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच खाली पाडून ठेवा, आणि गिअरमध्ये राहू द्या म्हणजे घरंगळत नाही. मग गाडीकडे पाठ करा, कुल्ले सीटच्या कडेला टेकवा, एका हाताने हँडल पूर्ण वळवून धरा, दुसऱ्याने मागचा दांडा, आणि पाठ ताठ ठेवून छोटी छोटी पावलं मागे टाकत पायांनी रेटा. उठते. मैदानावर जुनी सतरंजी टाकून, मदतीला कुणीतरी घेऊन एकदा करून बघा. शक्य तर भाऊ बघत असताना.

आता तुमचं ते फाटक. उतार आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, हे तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून दोन्हीकडे लागू पडेल ते आधी सांगते. उतारावर गाडी कधीही तोंड खाली करून लावायची नाही, परत मागे ओढता येत नाही. आत येताना उतार असेल तर गाडी फाटकाबाहेर सपाटीवर वळवून लावा किंवा आत मोकळ्या जागेत पूर्ण वळसा घेऊन तोंड चढाकडे करा. लावल्यावर पहिल्या गिअरमध्ये ठेवा. खडीत साइड स्टँड रुततो आणि तुम्ही वर्गात फळ्यावर तारीख लिहीत असता तेव्हा गाडी हळूच आडवी होते. फरशीचा एक तुकडा फाटकाजवळ कायमचा टाकून ठेवा. खडीवरून जाताना सरळ जायचं, वळायचं नाही, पुढच्या ब्रेकला हात नाही. आणि ग्रामपंचायतीला सांगून तेवढ्या दहा फुटांवर मुरूम टाकून दाबून घेता येत असेल तर त्याहून स्वस्त सुरक्षा साधन नाही. शाळेच्या कामासाठी तुम्ही याहून अवघड गोष्टी करून घेतल्या असतील.

रस्त्यावरचं थोडं. क्रूझरवर पाय पुढे असतात म्हणून खड्डा आला की ढुंगण उचलता येत नाही, सगळा दणका माकडहाडाला. तेव्हा गतिरोधकाच्या आधी ब्रेक मारून घ्या आणि चढायच्या क्षणी सोडून द्या, म्हणजे पुढचे शॉक्स मोकळे राहतात. गळीत हंगामात तुमच्या रस्त्याची कळा मला माहीत आहे. दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि रस्त्यावर पडलेलं उसाचं वाडं. ओलं वाडं चाकाखाली आलं की तेलावर गेल्यासारखं होतं. त्यावर ब्रेक नाही, वळण नाही, तसंच सरळ पार व्हायचं. आणि संध्याकाळी ट्रॉलीच्या मागे इतकं अंतर ठेवा की वरून मोळी पडली तरी तुमच्या पुढेच पडेल.

ओढणी डिकीत ठेवायची सवय लावा, पण इथे डिकी नाही, म्हणून सॅकमध्ये. मोटारसायकलची चेन उघडी फिरत असते आणि ती काही सोडून देत नाही. त्या चेनला साधारण दर 500 किलोमीटरला तेल लागतं, म्हणजे तुमच्या हिशेबाने दीड आठवड्याला. हेल्मेट आयएसआयचं, पूर्ण चेहऱ्याचं. अंबाडा घालून ते नीट बसत नाही, खाली सैल वेणी घाला. जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट घ्या, दोन सेंटिमीटर उंचीही फुकटात मिळते. सीट अजून खाली हवी असेल तर चांगल्या सीटवाल्याकडून फोम थोडा कोरून घ्या, पण मागचे शॉक्स कापून गाडी खाली करून देतो म्हणणाऱ्याच्या वाऱ्याला उभ्या राहू नका. सायलेन्सर बदलायचा मोह होणार नाही, असं धरून चालते.

खर्चाचं म्हणाल तर स्कूटर 45 चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर ही 35 च्या आसपास देईल. महिन्याला 24 दिवस धरले तर नऊ-दहा लिटर पेट्रोल जास्त, म्हणजे हजारभर रुपये. तेवढी तयारी तुम्ही केली असेलच.

चिपळूण. पहिल्या पावसाळ्यात कुंभार्ली नको. कोयनेच्या त्या पट्ट्यात पाऊस आणि धुकं एकदम येतं, पुढचं वळण दिसत नाही. आणि गळीत सुरू झालं की कराड-पाटण रस्ता ट्रॉल्यांचा. मधे पाऊस ओसरल्यावरचे ऑक्टोबरचे थोडे दिवस मिळतात, तेव्हा जा. सकाळी लवकर निघा, कोयनानगरला उतरून पंधरा मिनिटं पाय मोकळे करा, मग घाट. स्कूटरवर उतार ब्रेकवर उतरायची सवय असते. इथे ज्या गिअरमध्ये चढ चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. क्रूझर फार कलत नाही, वळणात पायाखालचा दांडा रस्त्याला घासून खर्रकन आवाज करतो. घाबरू नका, पुढच्या वळणाला थोडं आधी हळू व्हा, एवढाच त्याचा अर्थ. खालून एसटी येताना दिसली तर वळणाच्या अलीकडेच डावीकडे थांबून तिला जाऊ द्या. तिला तो अख्खा रस्ता लागतो, आणि नेमक्या वळणात, तिरक्या उतारावर पाय टेकायची वेळ आपल्यावर येऊ द्यायची नाही.

तुमचे हे मागे बसणार नाहीत म्हणतात ते सध्या बरंच आहे. पहिले दोन-तीन हजार किलोमीटर कुणालाच मागे घेऊ नका. मागच्या माणसाने हळू वेगात जराशी मान वळवली तरी गाडीचा तोल बदलतो. तुमच्या रोजच्या रस्त्याने ते किलोमीटर दोन महिन्यांत होतील. त्यानंतर ते आपणहून विचारतील असा माझा अंदाज आहे. तेव्हा आधी त्यांच्यासाठी हेल्मेट घ्या, मग हो म्हणा.